काट्यावरचा कॉम्प्युटर

आमच्या ह्यांना बसता येत नाही. गुडघ्यांची तक्रार नाही, गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत. बसवतच नाही त्यांना. चहाचा कप घेऊन ओट्यावर जातील, ओट्यावरून गेटपाशी, गेटपासून परत स्वयंपाकघरात, आणि कप कुठे ठेवला ते मला विचारतील. स्टेशनात गाडीची शिट्टी झाली की घड्याळ बघतात, जशी काही ती ह्यांनाच घ्यायला थांबली आहे. मी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीची पोरं सांभाळण्यात घालवली. इतकं चुळबुळं पोर माझ्या वर्गात एकही नव्हतं.

नाव रमाकांत. मलकापुरातल्या एका जिनिंग मिलमध्ये काट्यावर कारकून होते. काटा म्हणजे अख्खी गाडी तोलायचा काटा. कापसाची गाडी आली की आधी भरलेली तोलायची, कापूस उतरला की रिकामी तोलायची, आणि भरल्या वजनातून रिकामं वजा करायचं. बैलगाडी असली तर दोन्ही वेळा बैलांसकट. आधी हे सगळं हातानं चालायचं. मग सेठनं कुठूनसा वापरलेला कॉम्प्युटर आणून काट्याच्या केबिनमध्ये ठेवला, आणि ह्यांनी पुस्तकं आणून, सुटीच्या दिवशीही मिलमध्ये जाऊन, स्वतःच्या डोक्यानं त्यावर वजनाचा प्रोग्राम लिहिला. असं हे सांगत आले. मी तो कधी पाहिला नव्हता. काट्याच्या केबिनमध्ये जायचं मला कारणच काय?

मिल बंद पडली. सेठच्या मुलांनी यंत्रं भंगारात काढली, त्या दिवशी हे ऑटोत तो कॉम्प्युटर घालून घरी आले. डबा पिवळा पडलेला, मॉनिटर पाठीला पोक असलेला. मी म्हटलं, "अवो, हे कायले आणलं?"

"चालू करतो."

"करून काय करता?"

"राजकुमारले दाखोतो."

राजकुमार मिलच्या ऑफिसात हिशेब बघायचा. ह्यांचा जुना दोस्त, तोंडानं फटकळ. आदल्याच आठवड्यात स्टेशनसमोरच्या हॉटेलात हे आपल्या प्रोग्रामबद्दल कोणाला तरी सांगत होते, तर हा सगळ्यांदेखत म्हणाला, "कायचा तुह्या प्रोग्राम बे? अकोल्याहून एक पोट्टा येऊन टाकून गेलता तो. तू निस्ते आकडे दाबत होता." लोक हसले. हे तसेच उठून घरी आले. आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं ह्या माणसानं एकच काही केलं होतं, आणि ते चहाच्या कपाबरोबर कोणीतरी विसळून टाकलं होतं. ते मला फार लागलं. पण असं न बोलता उठून जाण्याचा मला रागही आला, कारण हे उठून जाणं माझ्या ओळखीचं होतं.

माझे वडील महादेवराव, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, दाताळा गावचे शेतकरी. एका हंगामात ते मोठ्या हौसेनं बैलगाडी घेऊन जावयाच्या मिलमध्ये कापूस विकायला आले. काटा झाल्यावर घरी आले ते तोंड उतरवून. पाटावरही बसले नाहीत. म्हणाले, "भरली गाडी तोलली, मंग बैल सोडले अन् हौदावर पाणी पाजलं. तान्हेले होते बिचारे. त्याच्यानंतर रिकामी गाडी तोलली. बैलाच्या पोटातलं पाणी माह्या कापसातून कापलं, जावाईबुवा." म्हणजे तहानलेले बैल पोटभर पाणी प्याले, त्यामुळे रिकामी गाडी जड भरली, वजा जास्त झालं आणि तेवढा कापूस कमी दिसला. अण्णा भांडत नव्हते. घरच्या माणसाला सांगत होते, एवढंच. आणि ह्यांनी काय करावं? ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि बाहेर पडले. मी ताटं वाढली होती. अण्णांनी वाट पाहिली, मग न जेवता गाडी जुंपली. त्या मिलच्या गेटवर ते पुन्हा कधी आले नाहीत, कापूस नांदुऱ्याकडे नेऊ लागले. त्या दिवशी हे कुठे गेले होते ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्या तोंडून नको ते निघालं असतं. अण्णा गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. राग मात्र गेला नाही, तो माझ्याबरोबरच म्हातारा झाला.

असो. डबा उघडला, तर आत कॉम्प्युटर दिसेचना. नुसती रुई. उशी उसवावी तसा कापूस निघत होता. मिलच्या हवेतली रुई पंख्यानं वर्षानुवर्षं ओढून घेतली होती. रुईच्या खाली तांदूळ.

"हे काय, उंदीर होते का आत?"

हे पंख्यावरची रुई ओढत राहिले.

"काय म्हणते मी?"

"अक्षता आहेत त्या."

दर दसऱ्याला मिलमध्ये काट्याची पूजा व्हायची, तशी ह्या कॉम्प्युटरचीही. वर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, अक्षता टाकायच्या, नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडायचं. ते सगळं जाळीतून आत. कुंकवाचं पाणी बोर्डावर ओघळून वाळलं होतं आणि त्याच्याखालच्या तांब्याच्या रेघा हिरव्या पडल्या होत्या. देवाच्या नावानं दरवर्षी त्या यंत्राला आंघोळ घातली होती.

"पूजा कोण करत होतं?"

"मीच."

मला हसू आवरेना. हे चिडून गेटपर्यंत गेले आणि परत आले.

मग सुरू झालं. जुन्या टूथब्रशनं आणि स्पिरिटनं घासणं, माझ्या चिमट्यानं एकेक अक्षता वेचणं. खाल्लेल्या रेघेवर केसाएवढी तार डाग देऊन जोडली. वीज सोडणाऱ्या डब्यातले फुगलेले कपॅसिटर बदलले. मेमरीच्या पट्ट्यांचे दात खोडरबरनं घासले, तेही माझ्या शाळेच्या डब्यातलं खोडरबर. मेलेला सेल काढून नवा घातला. दोन घास खायचे, उठायचं, स्क्रू फिरवायचा, परत ताटावर. पोळीला स्पिरिटचा वास. मी बोलबोल बोलले आणि शेवटी बोलायचं सोडलं. एका सकाळी डब्यातून 'टूं' असा आवाज आला आणि पडद्यावर अक्षरं उमटली. हे ओरडले, "प्रतिमा! अवं, पाह्य!"

झालं ना, मग चालवा की तुमचा प्रोग्राम. तर नाही.

"डिस्क म्हातारी झाली. आवाज आयकून राह्यली नं? कट्‌कट्‌ करते. एकदा चालली तं चालली. आधी सगळं नव्या कार्डावर उतरवून घेतो, मंग चालवतो."

बोलणं खरं होतं. पुण्याहून शंतनु, आमचा मुलगा, कार्ड आणि ते जोडायचा तुकडा पाठवणार होता. तो फोनवर म्हणाला, "बाबा, त्यापेक्षा नवा लॅपटॉप पाठवतो." ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि ओट्यावर निघून गेले. पार्सल यायच्या आत ह्यांनी मेमरी वाढवली. पंखा बदलला. आवाजाचं कार्ड बसवलं. कापूस तोलायच्या प्रोग्रामला गाणी कशाला लागतात, देव जाणे. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की पहिलं पुन्हा खोलायचं. आणि पार्सल आलं, तर ते कपाटावर तसंच पडून. रोज हात लावायचे आणि ठेवून द्यायचे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस घाबरला आहे. डिस्कवर काहीच उरलं नसेल तर? मग राजकुमारचं म्हणणंच खरं ठरणार, निदान मलकापुरापुरतं. मला त्यांची कीव आली, आणि नवऱ्याची कीव यावी हे मला मुळीच आवडलं नाही. पार्सल मीच फोडलं आणि समोर ठेवलं. "आज नाही केलं तर उद्या हा डबा मी भंगारात देते," म्हटलं.

दुपारी सुरू केलं. डिस्क फिरेचना. बटण बंद, चालू, पुन्हा बंद. ह्यांच्या कपाळावर घाम. मग पेचकसाची मूठ घेऊन डिस्कच्या कडेला हलकेच टकटक केलं, झोपलेल्या पोराला उठवावं तसं. आतून खर्र झालं आणि ती फिरू लागली. पडद्यावर फायलींची नावं सरकायला लागली. हे खोलीभर येरझारा घालत होते, मी नावं मोठ्यानं वाचत होते. मला त्यांचा अर्थ कळत नव्हता, पण थांबायची हिंमत होईना. सगळं उतरलं. संध्याकाळी पुन्हा सुरू करून पाहिलं, तर डिस्कनं मान टाकलेली.

"आता तरी उघडून पाहा."

"नाही. दसऱ्याले. राजकुमारच्या समोर."

"अन् आत काही नसलं तं?"

"नसलं तं त्याच्यासमोरच नसलं."

दसऱ्याला राजकुमार सोनं द्यायला आला. मी ताम्हण आणलं, तर ह्यांनी कुंकवाच्या वाटीतलं पाणी आधी तुळशीत ओतलं. मॉनिटरच्या कपाळाला कोरड्या गंधाचं बोट लावलं आणि अक्षता टेबलावर, जाळीपासून हातभर लांब टाकल्या. राजकुमार हसला. "काऊन बे, देवाले भेला का?" ह्यांनी बटण दाबलं. मग काहीतरी टाइप केलं, दोनदा चुकलं, पुसून पुन्हा केलं.

काळ्या पडद्यावर मिलचं नाव आलं. खाली सेठचं नाव. वर श्री.

माझा जीव भांड्यात पडला. पण राजकुमार वाकून बघत होता. "तुह्यं नाव कुठी आहे?"

"सेठच्या वहीवर कारकून आपलं नाव लिहिते का?"

"मंग मले कसं समजावं, हे तुह्यं आहे म्हणून?"

इतकी खटपट केली, आणि ही साधी गोष्ट आम्हां दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. हे खुर्चीतून अर्धे उठले. मी खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. "पावती करून दाखवा," म्हटलं, "पुरी."

प्रोग्रामनं कास्तकाराचं नाव विचारलं, ह्यांनी काहीतरी घातलं. गाव विचारलं. वाहन विचारलं, ट्रक, ट्रॅक्टर की बैलगाडी. ह्यांनी बैलगाडी घेतली. भरलेलं वजन. रिकामं वजन. आता कापसाचं वजन येणार असं मला वाटलं, तर इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत आणखी एक ओळ आली.

मधात बैल पाणी प्याले का? बादल्या किती?

ह्यांनी दोन टाकलं. दोन्ही तोलांच्या मध्ये प्यालेलं तेवढं पाणी रिकाम्या वजनातून कमी झालं आणि मग कापसाचं वजन आलं.

राजकुमारनं ओळ दोनदा वाचली. हातातला चहाचा कप खाली ठेवला. "मी वरती ऑफिसात बसून निस्त्या पावत्या चढवत होतो," तो म्हणाला. "केबिनमधी हे असं चालू होतं, मले काय माहीत? हे अकोल्याच्या पोट्ट्याचं काम नाही, रमाकांत. त्याले काय ठावकं, बैल मधात पाणी पेते म्हणून! तुह्यंच आहे बे हे. उद्या हॉटेलात मीच सांगतो सगळ्याइले."

हेच तर ऐकायचं होतं ह्यांना. पण ते राजकुमारकडे बघतच नव्हते. खाली बघत होते, आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते.

"हे कधी लिहिलं?" मी विचारलं.

"अण्णा आलते नं, त्या दिवशी."

"त्या दिवशी तुम्ही उठून गेलते."

"केबिनमधीच गेलतो. दिवस बुडता बुडता झालं. सेठले समजावलं, कास्तकार खूश तं गाडी आपल्याच गेटवर. धावतच घरी आलो, तं अण्णा निंघून गेलते."

"मंग मले सांगितलं काऊन नाही?"

"अण्णा पुढची गाडी घेऊन आले की त्याइलेच इचारणार होतो, बादल्या किती म्हणून. ते आलेच नाही. मंग कोण्या तोंडानं सांगू?"

राजकुमार खिडकीतून बाहेर बघू लागला. मला रडायचं नव्हतं, त्याच्यासमोर तर नाहीच. मी म्हटलं, "अण्णांचं नाव घाला."

ह्यांनी घातलं. महादेवराव, दाताळा. बैलगाडी. वजनं मला कुठली आठवायला! पण मी काही बोलायच्या आत ह्यांनी दोन्ही वजनं टाकली होती, भरलेलं आणि रिकामं, शेवटच्या किलोसकट. इतकी वर्षं तोंडपाठ. मग ती ओळ आली आणि ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बादल्या किती?"

"चार," मी म्हटलं. "तान्हेले होते."

कापसाचं खरं वजन पडद्यावर आलं. हे हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसून राहिले. मीच उठले, स्वयंपाकघरात गेले आणि दार ओढून घेतलं.