जो चूक काढील त्याने शोव्हल करावं

कॅनडात, आमच्या मिसिसागात बर्फ पडला की घरापुढच्या ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना ढीग होतात. कोणी मुद्दाम करत नाही, वाट मोकळी करता करता आपोआप साठतात. आमच्या मंगळवारच्या बैठकीचे किस्से तसेच साठले. आम्हाला खरं तर सुधारायचं होतं. किती सुधारलो ते देव जाणे, किस्से मात्र कमरेएवढे झाले!

बैठक म्हणजे आम्ही चार म्हातारे. पोरं ऑफिसात, नातवंडं शाळेत, आणि आम्ही आळीपाळीने कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये चहा पीत. नागपूरच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासलेले दामले, पुण्याच्या रिटायर्ड मुख्याध्यापिका सुलभाताई, पोस्टातून निवृत्त झालेले मेश्राम साहेब आणि मी. माझं कराडला शिवणकामाचं दुकान होतं, शिक्षण सातवी. मी बहुतेक ऐकतो. तेही सावकाश.

*

दामल्यांचं काम लाल खडूचं. खोट दिसली की फुली. रिटायर झाल्यावर खडू कारखान्यात राहिला, हात घेऊन ते कॅनडाला आले.

एअरपोर्टवर तीन वर्षांनी नात भेटली. धावत येऊन तिने मिठी मारली. दामल्यांचं पहिलं वाक्य, "अगं, जॅकेटची चेन अर्धीच लावलीस!"

नात म्हणाली, "हाय टू यू टू, आजोबा!"

मग सून नेहाची पाळी. तिचं वरण, तिच्या पोळ्या, तिचं गाडी पार्क करणं, सगळ्यावर फुल्या. जानेवारीत ती बोलायचीच बंद झाली. "भांडली असती तरी चाललं असतं," दामले म्हणाले, "भांडायचं कसं ते तरी सांगितलं असतं!"

मुलाने शांतपणे सांगितलं, "बाबा, तुमचा व्हिसा वाढवायचा फॉर्म नेहा भरणार आहे. तिने भरला तर राहा. नाहीतर मी मार्चचं तिकीट काढतो."

*

त्या मंगळवारी दामल्यांनी चहाला हात लावला नाही. म्हणाले, "मला ही सवय सोडायचीय. नातीला सोडून नाही जायचं मला."

असं कोणी बोललं की आमच्यात लगेच कमिटी होते. मेश्राम साहेबांनी तिथल्या तिथे नियम केला. जो चूक काढील, त्याने त्या दिवशी बैठक असेल त्या घराचा ड्राइव्हवे शोव्हल करायचा, म्हणजे फावड्याने बर्फ उपसायचा. कागदावर लिहून तो भिंतीला चिकटवला.

दामल्यांनी टाळ्या वाजवल्या. "उत्तम नियम! फक्त कागद डावीकडे उतरलाय."

त्यांच्या हातात फावडं देताना आम्हाला फार वाईट वाटलं. म्हणजे, हसू आवरून झाल्यावर.

*

पुढच्या आठवड्यात पोहे होते. सुलभाताईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "छान झालेत हो. आज."

मेश्राम साहेबांनी चमचा खाली ठेवला. "ताई, हे 'आज' कशाला?"

"अहो, कौतुक केलं मी!"

"कौतुक 'छान झालेत'ला संपलं. पुढचं शोव्हल."

पस्तीस वर्षं शाळा चालवलेल्या बाई गुडघ्यापर्यंतचे बूट घालून बाहेर गेल्या. जाताना म्हणाल्या, "मुलांना मी अंगठे धरायला लावायचे. आता कळतंय, तेच बरं होतं!"

*

मग मी सापडलो. बैठक आमच्याकडे होती. टीव्हीच्या रिमोटवरून वाद चालला होता, माझं मत विचारलं. मी आपला म्हणालो, "मला काय कळतंय? मी अडाणी माणूस."

"उठा!" मेश्राम साहेब म्हणाले.

"अहो, मी कोणाला काय बोललो?"

"स्वतःला बोललात. स्वतःचा माणूस म्हणून सूट नाही."

साठ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो होतो. कोणी कधी हरकत घेतली नव्हती. मी मुकाट्याने कोट चढवला.

अर्धा ड्राइव्हवे होतोय तोच दामले दारात आले. बराच वेळ ओठ दाबून उभे राहिले. शेवटी सुटलंच, "कडेचं राहतंय तुमचं!"

दोघं मिळून शोव्हल करू लागलो. शेजारचे सरदारजी त्यांच्या खिडकीतून म्हणाले, "भाईसाहब, हमारे यहाँ भी मीटिंग रखो ना!"

*

मेश्राम साहेब स्वतः मात्र कधी सापडायचे नाहीत. नियम करणाऱ्याला पळवाटा आधी कळतात. महिनाभर ते गरम चहा घेऊन खिडकीतून आमच्यावर देखरेख करत होते.

एकदा समाधानाने म्हणाले, "खरं सांगू का? या चौघांत चूक न काढणारा मी एकटाच."

 सुलभाताईंनी उठून मेश्राम साहेबांचे ग्लोव्हज त्यांना आणून दिले.

*

फेब्रुवारीत एका मंगळवारी ऊन पडलं. ड्राइव्हवे कोरडा. शोव्हल करायला काहीच नाही.

दोन तास आम्ही सुना, जावई, डॉक्टर, हवामान, देवळातला प्रसाद आणि एकमेकांच्या टोप्या, काही म्हणून सोडलं नाही. अशी आनंदाची बैठक पुन्हा झाली नाही!

*

घरी मात्र दामले नेटाने गप्प राहत होते. वरण अळणी, खाल्लं. पोळी करपली, खाल्ली. गाडी तिरकी लावलेली, खिडकीचा पडदा ओढून घेतला. सलग नऊ दिवस फुली नाही.

दहाव्या दिवशी नेहा काळजीने नवऱ्याला म्हणाली, "बाबांना बरं नाहीये का रे? डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊ?"

दामल्यांना ही चूक काढायचीही चोरी!

*

मार्च आला. फॉर्मचं नाव कोणी काढेना. दामले बैठकीला यायचे आणि बशीतलं बिस्किट मोडून तसंच ठेवायचे. आम्हीही विचारत नव्हतो.

मग एका मंगळवारी ते आले ते कोटाच्या आतल्या खिशात घडी घातलेला कागद घेऊन. फॉर्मची झेरॉक्स. नेहाने स्वतःच्या हाताने भरलेला, खाली दामल्यांची सही. मूळ प्रत सकाळीच पोस्टात पडली होती.

सुलभाताईंनी चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. वाचता वाचता एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. किती दिवस राहणार, या रकान्यात नेहाने पूर्ण दोन वर्षं लिहिली होती.

"अहो दामले, वरच लिहिलंय, तुमचा पासपोर्ट तर पुढच्या जूनलाच संपतो! मग दोन वर्षांचा व्हिसा देणारच नाहीत ते. सही करताना दिसली नाही तुम्हाला एवढी मोठी चूक?"

दामल्यांनी कागद त्यांच्या हातातून घेतला. नीट घडी घातली, आतल्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

"कुठली चूक?" ते म्हणाले.