नाव तेवढं घ्या

कोल्हापुरात खाजगी एफएम आलं त्या वर्षी मला सकाळी नऊ ते अकराचा कार्यक्रम मिळाला. स्टेशनचे पहिले मालक गावातलेच, ट्रकच्या धंद्यातले. त्यांचा नियम एकच होता. पत्र आलं की वाचायचं आणि त्यात असतील तेवढी सगळी नावं घ्यायची. उचगावच्या एका भिशी मंडळाची अठ्ठावीस नावं मी एका गाण्याआधी वाचलेली आहेत. एखादं गाळलं की दुसऱ्या दिवशी फोन यायचा, "आमच्या वैनीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

नेसरीहून एका बाईंचं पोस्टकार्ड दर आठवड्याला यायचं. त्यात मुलाचं नाव आणि खाली एक ओळ असायची: गाणं कुठलंबी लावा, नाव तेवढं घ्या. मी घेत होते. फार विचार केला नव्हता.

एकदा आमचा तंत्रज्ञ ते कार्ड बघून म्हणाला, "म्याडम, नेसरीत आपलं स्टेशन लागत न्हाय की. माझी सासुरवाडी हाय तितं."

मग मी बाईंना पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं. धाकटा मुलगा वाटणीवरून थोरल्याशी भांडून घरातून गेला होता. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, एवढंच कुणीतरी सांगितलेलं. कुठल्या फौंड्रीत ते माहीत नव्हतं. तिथल्या चहाच्या टपऱ्यांवर दिवसभर आमचं स्टेशन चालू असतं, हेही त्यांनी कुणाकडून तरी काढलं होतं. "मला ऐकू आलं न्हाय तरी चालतंय," त्यांनी लिहिलं होतं, "त्याला आलं पायजे."

त्यानंतर काही महिन्यांनी मालकांनी स्टेशन मुंबईच्या कंपनीला विकलं. नवा कार्यक्रमप्रमुख माझ्या भाच्याच्या वयाचा. गाणी कॉम्प्युटर निवडणार, निवेदन वीस सेकंदांचं, पत्रं बंद.

"मॅडम, नावं सुरू झाली की लोक स्टेशन बदलतात," तो म्हणाला.

"इथले लोक नावं ऐकायलाच स्टेशन लावतात."

"आता गाणी ऐकतील."

त्याच आठवड्यात नेसरीचं कार्ड आलं. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं, येत्या रविवारी. अक्षतेला तरी ये म्हणावं त्याला, असं लिहिलं होतं.

नोकरी सोडून देण्याइतकी माझी ऐपत नव्हती आणि तशी हौसही नव्हती. पण नव्या पद्धतीत दर अर्ध्या तासाला वाहतुकीची बातमी द्यायची होती आणि ती मीच लिहायची होती. सकाळी दहाची कोल्हापूरची वाहतूक पाच सेकंदांत सांगून होते. उरलेल्या पंधरा सेकंदांत मी सांगितलं, की शिरोलीहून नेसरीकडे जाणारा रस्ता मोकळा आहे, आणि नाव घेऊन पुढे म्हटलं, बहिणीचं लग्न रविवारी आहे, आई वाट बघतेय. हे तीन दिवस चाललं.

चौथ्या दिवशी प्रमुखानं बोलावलं. "शिरोलीच्या रस्त्यावर रोज एवढं काय होतंय?"

"काहीच नाही. म्हणून तर वेळ उरतो."

तो ओरडला नाही. "उद्यापासून ट्रॅफिक मला आधी दाखवायचं," एवढंच म्हणाला. तोही कुणाचा तरी नोकरच होता.

लग्नानंतर आठवड्याभरानं कार्ड आलं. मुलगा आला होता. अक्षता टाकल्या, थोरल्याशी बोलला नाही, जेवायलाही दोघं वेगवेगळ्या पंगतीत बसले, आणि सोमवारी पहिल्या एसटीनं कामावर परत गेला. पण जाताना फौंड्रीचा पत्ता लिहून दिला आणि दिवाळीला येतो म्हणाला. आता कार्डं थेट त्यालाच टाकीन, असं बाईंनी कळवलं होतं. खाली बारीक अक्षरात होतं: आता रेडिओवर नाव घेऊ नका, कामावरची माणसं त्याला लई चिडवत्यात.

ही फर्माईश मात्र नव्या नियमात बसत होती.