तो पतंग नव्हता

मानगूट धरून तो माणसाचं नाक चित्राला टेकवायचा. "जवळून बघ बे! लांबून तर म्हशीबी बघत्यात."

असा एखादा पेंटर तुमच्याही पाहण्यात असेल. आमचा नांदूरघाटचा. दूध सोसायटीच्या कॅनवर नंबर टाकायचा. मी तिथं कारकून. दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, कॅन रिकामे राहिले, याचं काम बंद पडलं. मग हा बाबा स्वतः चौकटी ठोकायला लागला. सरळ चौकोनी एक नाही! कुणाचा कोपरा बाहेर, कुणाची बाजू छाटलेली. त्यावर कापड ताणायचं, चिकटपट्टी लावून एकीकडे लाल, एकीकडे काळा रंग. ना माणूस, ना बैल, ना देव.

"हे हाय तरी काय?" मी वैतागून विचारलं.

"कड बघ, कड! दोघं एकमेकांच्या उरावर बसल्यात, पण केसभर हटत न्हाईत."

खरं सांगतो, नाक टेकवल्यावर भीती वाटली. दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे ठाकावेत, तसं ते होतं. त्या दिवसापासून मला ते चित्र लई आवडायला लागलं.

तेच, सगळ्यात मोठं, तिरप्या चार कोनांचं, त्यानं हौसेनं सोसायटीच्या भिंतीवर टांगलं. सोसायटीची निवडणूक आठ दिवसांवर आलेली. विरोधी पॅनलची निशाणी पतंग.

"हे काय लावलंय रं?" चेअरमननी मला विचारलं.

मला मेली थट्टेची खोड! म्हणालो, "पतंग दिसतोय, साहेब."

ते हसले. मीही हसलो.

दुपारी त्यांची चार माणसं काठ्या घेऊन आली. चित्र खाली ओढून टराटरा फाडलं. पेंटर त्यावर आडवा पडला.

"कावून मारता बे? पतंग न्हाई ते! जवळून बघा की!"

एकानं त्याचा उजवा हात फरशीवर दाबून धरला, दुसऱ्यानं काठी घातली. पुन्हा घातली. हाड मोडल्याचा आवाज मी टेबलामागं बसून ऐकला. उठलो नाही. नोकरी होती ना! थू माझ्या जिनगानीवर.

बोटं पुन्हा वळली नाहीत. दवाखान्यातून तो परस्पर बहिणीकडं तलवाड्याला गेला, परत आलाच नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी कबूल करायचं ठरवून त्याच्या खाटेशी गेलतो.

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "अडाणी हायत ते, त्यांचा राग न्हाई मला. गावात तू एकट्यानं तरी नीट बघितलं व्हतं."

मी "हो" म्हणालो.