म्हाताऱ्यानं काय केलं?
कारखान्याचं धुराडं पेटलं आणि मळीचा आंबूस वास वर्गाच्या खिडकीतून आत आला की मला माझी अकरावी आठवते. त्या दिवशीही असाच वास होता आणि दाराशी चपला काढून माझे वडील उभे होते. ऊसतोडीची टोळी संध्याकाळी निघणार होती आणि ते मला न्यायला आलेले. ‘इंग्रजी डोक्यात शिरत न्हाई म्हनती, मग कावून बसवायची हितं?’ ते सरांना म्हणाले. सर म्हणाले, ‘तिला हा उतारा वाचू द्या. समजला तर ऱ्हाऊ द्या.’ मी उभी राहिले. ‘द ओल्ड मॅन रेज्ड हिज केन,’ मी वाचलं. ‘म्हाताऱ्यानं काय केलं?’ सरांनी विचारलं. केन म्हणजे ऊस, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. ‘ऊस लावला,’ मी म्हणाले. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि तेव्हा मला उताऱ्यावरचं चित्र दिसलं: म्हातारा कुत्र्यावर काठी उगारून उभा. केन म्हणजे काठीही असते. पण वडिलांचा चेहरा उजळला होता. ‘इंग्रजीतबी ऊसच हाय व्हय? बरोबर सांगितलं का सर हिनं?’ सरांनी आधी हसणाऱ्या बाकाकडं रोखून पाहिलं, मग वडिलांकडं. ‘लई बरोबर,’ ते म्हणाले. वडील चपला घालून एकटेच गेले. परवा माझ्या वर्गात तोच उतारा निघाला आणि तेलगावच्या एका मुलीनं तेच उत्तर दिलं. मी आधी दाराकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं, तेव्हा कुठं म्हणाले, ‘काठी, बाळा. काठी उगारली.’