दाराआडचा फोटो

बहिणीच्या लग्नाला निपाणीचा एक फोटोग्राफर बोलावला होता. माणूस पन्नाशीचा. कार्यालयात अनवाणीच फिरायचा, कारण पायांची चाहूल लागली की माणसं तोंड सावरतात. कॅन्डिड फोटो तो पुस्तकं वाचून शिकला होता. त्यातलं एक, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, कायम बॅगेत. ‘इकडं बघा, हसा’ असं तो कुणालाच म्हणेना. मावश्या पदर सावरून ताटकळल्या आणि शेवटी चिडल्या.

अल्बम ठरवायला तो बेळगावला घरी आला. हळदीच्या फोटोत सवाष्णींची गर्दी होती आणि मागे, दाराआड, माझी विधवा आई. हळद तिनंच कालवली होती. पिवळे हात पदराला पुसत ती लेकीकडे बघत होती.

मी भडकलो. “आईला असं दाराआड उभं करून फोटो काढतात होय?”

त्यानं शांतपणे चष्मा पुसला.

“पुस्तकात पैल्याच पानावर लिवलंय, आपण कुणाला कुठं उभं करायचं न्हाय. आईस्नी तिथं मी उभं केलं न्हाय, अण्णा.”

तरीही तो फोटो मी वगळायला लावला. अल्बममध्ये आता आई दाराआडसुद्धा नाही.