थोरल्या काकांचा नेम

ज्वारी हुरड्यावर आली की आमचे थोरले काका मचाणावर बसून गोफण फिरवत. त्यांच्या नेमाचा आमच्या धामणगाव बढे गावात मोठा लौकिक होता. पाखरं दगड न लागताही उडतात, हे कोणी लक्षात घेत नसे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. अकोल्याला कॉलेजात गेल्यावर मला चष्मा लागला. त्याआधी लांबचा माणूस मला पाण्यात बुडाल्यासारखा दिसे आणि दिव्याच्या ज्योतीच्या दोन ज्योती होत. डोळे बारीक केले की जरा रेखीव दिसायचं. काकाही तसेच डोळे बारीक करत. पण चष्मा मास्तरांना लागतो, असं त्यांचं मत होतं.

सुटीत मी गावी असताना एका सकाळी शेताच्या कुंपणाच्या कुपाटीपाशी काळं काही हललं. काकांना रानडुक्कर दिसलं. ते धाकटे काका होते, घोंगडी पांघरून वाकलेले, काटेरी फांदी बसवत. दगडानं त्यांचा जबडा फोडला. रक्तात दात पडले.

शेतांमधल्या धुऱ्यावरून, बांधावरून, दोघा भावांचं बोलणं बंद होतं. त्यामुळे मुद्दामच मारलं, असा निकाल गावानं लावून टाकला. धाकट्या काकांची मुलं बापाला बाजेवर घालून, काठ्या घेऊन थोरल्या काकांच्या अंगणात शिरली. पहिल्याच घावात थोरल्या काकांचा हात मोडला. मी मध्ये पडलो, तर माझ्या पाठीत दोन बसल्या. सरपंच फेटा बांधून आले आणि भाऊबंदकीवर बोलू लागले.

"तुमचा नेम त कधी चुकत नाही," धाकट्या काकांचा थोरला मुलगा म्हणाला. "मंग माह्या बापाले काऊन मारलं?"

काकांनी एवढंच म्हणायचं होतं, मले दिसलं नाही. पण ते म्हणाले, "नेम धरूनच मारला."

काठी डोक्यावर उचलली गेली. मी ती धरली आणि ओरडलो, काकाले दिसत नाही, विचारून पाहा. सरपंच नेमके श्वास घ्यायला थांबले होते. मुलानं त्यांच्याकडे बोट केलं. "तिकडं काय हाय?"

काकांनी डोळे बारीक केले. "कडब्याची गंजी."

कोणी हसलं नाही. काठी खाली आली.

मी माझा चष्मा काकांच्या नाकावर ठेवला. माझ्या नंबरानं त्यांना पुरतं नसेल, पण बाजेवर पडलेल्या भावाचा लोंबणारा जबडा दिसण्याइतकं दिसलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"काढ बे हे," मग म्हणाले.

हात बरा झाल्यावर त्यांनी गोफण चुलीत घातली. चष्मा मात्र शेवटपर्यंत लावला नाही.