पहिली फैर कोणत्या पुस्तकाची?

तेव्हा आम्ही कुवेतमध्ये, सलव्यात राहायचो. मी जाब्रियातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन, आणि आमचे हे एका नेमबाजी क्लबात रायफली दुरुस्त करायचे. क्लबच्या परवान्यावर स्पर्धेची काडतुसंही हेच हातानं भरत: रिकाम्या पितळी नळकांडीत, म्हणजे केसमध्ये, ठिणगी पाडणारी नवी टोपी, मापून पावडर आणि वर गोळी. भरणी बदलली की पहिली फैर स्वतःच झाडायची, हा यांचा नेम. मला तो नेम मुळीच आवडत नसे. काही फुटलंबिटलं तर रायफलीमागे कोण? माझा नवरा!

क्लबात एक म्हातारे कुवेती नेमबाज होते. सगळे त्यांना बाबा म्हणत. लांब पल्ल्याची स्पर्धा तोंडावर आली आणि त्यांनी आपल्या तरुणपणीचं, भरणीच्या मापांचं पुस्तक यांच्या हातात ठेवलं. त्यात पावडर यांच्या नेहमीच्या नव्या पुस्तकापेक्षा चांगलीच जास्त. हे का-कू करू लागले, तर बाबांनी नवंच पुस्तक उघडून बोट ठेवलं. तेच काडतूस किती दाब सोसतं, तो आकडा नव्यात मोठा होता.

"देखो, ये खुद बोलता है ज्यादा चलेगा. फिर तुम डरता क्यों?"

यांना ते पटलं. शुक्रवारी सकाळी दोन्ही पुस्तकं जेवणाच्या टेबलावर मांडून हे मला समजावू लागले. "अगं, छापणारे कोर्टकचेरीला घाबरतात, म्हणून पावडर कमी लिहितात."

मी गॅस बंद करून आले. दाब जास्त आणि पावडर कमी? मला चैन पडेना. पानं उलटसुलट केली आणि बारीक अक्षरांत सापडलं. जुन्या लोकांनी दाब मोजला होता तो तांब्याचा तुकडा किती चेपतो त्यावरून, नव्यांनी इलेक्ट्रॉनिक यंत्रानं. मी ओरडलेच!

"अहो, आमच्या लॅबचं मशीन बदललं तेव्हा हेच झालं! रक्त तेच, आकडा वाढला. म्हणून काय पेशंटचं दुखणं वाढलं? काडतूस जास्त सोसत नाही हो, मोजणारं बदललंय!"

यांनी कपाळावर हात मारला. मग दोघांना असा चेव चढला, की पोहे तसेच कढईत राहिले. दोन्ही पुस्तकांत टोपी वेगळी, केस वेगळी. एकेक फरक सापडला की हे टेबलावर थाप मारायचे.

पुढच्या शुक्रवारी मी हट्टानं रेंजवर गेले. बाबांच्याच रायफलीतून हे नव्या पुस्तकाच्या सगळ्यात खालच्या मापापासून हळूहळू चढत गेले. मधल्या एका मापाला गोळ्या निशाणावर एकमेकींना खेटून बसल्या आणि मी टाळ्या पिटल्या. शेवटी नव्या पुस्तकाचं सर्वांत वरचं माप. फैर झाली, पण रायफलीचा बोल्ट उघडेना. यांनी तळहातानं ठोकून तो उघडला आणि जादा दाबानं टोपी चपटी झालेली केस बाबांपुढे धरली. बाबांचं जुनं माप याच्याही बरंच वर होतं.

बाबांनी चपट्या टोपीवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "मेरा पहला गोली हमेशा तुम मारता?"

"हमेशा," हे म्हणाले.

बाबांनी हे कधी विचारलंच नव्हतं. मला भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त आनंद झाला. मी सगळ्यांदेखत यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"अगं, लोक बघतायत," हे पुटपुटले.

बघू देत. चेहरा जागेवर होता.